तांदळातली सुरी

गेणभाऊंनी बॅग पुन्हा एकदा उघडली, तेव्हा झुंबरबाईंनी कपाळाला हात लावला.

"आवो, कितींदा उघडाल? चेन तुटंल तिची."

"तुला काय कळतंय? इमानानं चाललोय. एष्टी न्हाई ती, कंडक्टरला सांगून थांबवायला."

बांबूच्या टोपल्या शिकवायला दिल्लीला विमानाने जाणारा आहुप्यातला पहिला माणूस म्हणजे गेणभाऊ. मंचरच्या एका संस्थेतल्या अश्विनीताईंनी हे सगळं जमवून आणलं होतं आणि तेव्हापासून गेणभाऊ गावात 'सर' झाले होते. तसं पाहिलं तर गेणभाऊ बांबू फोडून त्याच्या पातळ पट्ट्या काढत आणि झुंबरबाई त्यांची टोपली विणत. पण शिकवणार आपण आणि झुंबरबाई नुसत्या सोबतीला, असं गेणभाऊंनी परस्पर ठरवून टाकलं होतं. "सुरी माझ्या हातात, म्हंजे मास्तर मीच," असं त्यांचं सरळ म्हणणं होतं.

ही सुरी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. घोडेगावच्या लोहाराकडून घडवून घेतलेली, मूठ झिजून झिजून त्यांच्या तळहाताच्या मापाची झालेली. दुसऱ्या सुरीने त्यांची पट्टी धड निघत नसे. ती हरवली तर दिल्लीत हात चोळत बसायची पाळी येणार, ही धास्ती त्यांना होतीच.

अश्विनीताईंनी फोनवर बजावून सांगितलं होतं, "भाऊ, धारेचं, टोकाचं सगळं मोठ्या बॅगेत. ती विमानाच्या पोटात जाते. हातातल्या पिशवीत फक्त खायचं-प्यायचं." गेणभाऊंनी हे पाठ केलं होतं आणि भेटेल त्याला ऐकवलंही होतं.

निघायच्या आधी त्यांनी दगडावर पाणी टाकून सुरीला झकास धार लावली आणि ती झुंबरबाईंच्या हातात दिली. "मोठ्या बॅगंत नीट ठिव."

झुंबरबाईंनी ती नीटच ठेवली. ओल्या पात्याला गंज चढू नये म्हणून त्या सुरी नेहमी तांदळात खुपसून ठेवत. दिल्लीच्या मंडळींसाठी घरचा तांदूळ घेतलाच होता. पहिल्यांदा कुणाच्या दारात जायचं तर मोकळ्या हातांनी कसं जाणार? त्यांनी सुरी फडक्यात गुंडाळली, तांदळाच्या पिशवीत पार तळाला घातली, पिशवीचं तोंड शिवून टाकलं आणि ती मोठ्या बॅगेत ठेवली. नवऱ्याला सांगायचं काही त्यांच्या मनात आलं नाही. यात सांगण्यासारखं होतं तरी काय?

पुण्याच्या विमानतळावर झुंबरबाई बाथरूम शोधायला गेल्या आणि इकडे काउंटरवर बॅगेचं वजन जास्त भरलं.

"काका, थोडं सामान काढावं लागेल," काउंटरवरची मुलगी म्हणाली. तिच्या छातीवरच्या पाटीवर 'इंद्रायणी' असं लिहिलं होतं.

गेणभाऊंनी क्षणभर विचार केला. खायचं-प्यायचं हातात! त्यांनी ऐटीत तांदळाची पिशवी बाहेर काढली. वजन बरोबर बसलं, बॅग पट्ट्यावरून निघून गेली आणि गेणभाऊंना आपल्या हुशारीचं फार कौतुक वाटलं.

झुंबरबाई आल्या तेव्हा ते पिशवी काखोटीला मारून तपासणीच्या रांगेत उभे होते. गर्दी एवढी, की झुंबरबाईंचं लक्ष पिशवीकडे गेलंच नाही. पिशवी यंत्रात शिरली आणि यंत्र थांबलं.

"इसमें चाकू है?" जवानाने विचारलं.

"न्हाई साहेब. तांदूळ हाय."

"चाकू दिख रहा है."

"तांदळात चाकू कशाला येईल, साहेब? खडा असंल एखांदा. पर आमची मंडळी निवडून घेती."

जवानाने शिवण उसवली, कोपरापर्यंत हात घातला आणि फडकं सोडून लखलखीत सुरी वर काढली. मागची रांग दोन पावलं मागे सरकली. गेणभाऊंच्या तोंडचं पाणी पळालं.

"अगं बया!" झुंबरबाई म्हणाल्या. "ही हितं कशी आली?"

"चावल में चाकू कौन रखता है?" जवानाने विचारलं.

"मैं रखती," झुंबरबाई पुढे झाल्या. "पावसाळे में तो रोजच रखती!"

जवानाने एकदा त्यांच्याकडे, एकदा तांदळाकडे पाहिलं आणि घामाघूम झालेल्या गेणभाऊंकडे पाहून त्याला हसू आवरेना. पण नियम तो नियम. सुरी एक तर समोरच्या डब्यात टाकायची, नाही तर काउंटरवर परत जाऊन सामानात द्यायची. डबा कात्र्यांनी आणि नेलकटरांनी निम्मा भरला होता. गेणभाऊंना गलबलून आलं. एका शिपायाला सोबत घेऊन दोघं उलट्या पावली काउंटरवर पोचली.

"काका, नुसती सुरी पिशवीत बांधून पाठवते," इंद्रायणी घड्याळाकडे बघत म्हणाली. "पण तांदळाचं वजन आता सामानात बसणार नाही आणि अशी उसवलेली पिशवी हातात नेता येणार नाही. तो ठेवून जावा लागेल."

"तुमीच काढला भाईर!" झुंबरबाई नवऱ्यावर कडाडल्या. "मला इचारलं व्हतं का?"

"तू सांगितलं व्हतं का, तांदळात सुरी हाय म्हणून?"

"सांगायचं काय त्यात? लगीन झाल्यापास्नं तिथंच असती ती!"

हे ऐकून इंद्रायणीची मान वर झाली. "मावशी, तुमी कुठल्या?"

"आहुप्याच्या."

"आवो, मी अवसरी बुद्रुकची, तुमच्याच तालुक्यातली! माझी आजी आहुप्याच्या तांदळाचं लई नाव काढती."

झुंबरबाईंचा राग तिथल्या तिथे विरघळला. पिशवी त्यांनी काउंटरवर ठेवली. "मंग आजीलाच ने, बाई. माणसाच्या हातात पडला, बास झालं."

विमानात बसल्यावर गेणभाऊंच्या जिवात जीव आला. "मी व्हतो म्हणून सुरी वाचली," ते म्हणाले. झुंबरबाई खिडकीतून ढग बघत होत्या. अशा वेळी कोण भांडत बसणार!

दुसऱ्या दिवशी गेणभाऊ सुरी कमरेला खोचून दिल्लीच्या त्या हॉलमध्ये शिरले. वीस-पंचवीस पोरं-पोरी वाट बघत बसली होती आणि प्रत्येकासमोर बांबूच्या गुळगुळीत, एकसारख्या पट्ट्यांचा भारा होता.

"मशीन से कटवा ली हैं," संयोजकबाई कौतुकाने म्हणाल्या. "आपको तकलीफ न हो, इसलिए."

गेणभाऊंनी एक पट्टी उचलली, वाकवून पाहिली. नाव ठेवायला जागा नव्हती. आता राहिलं होतं फक्त विणायचं. त्यांनी दोन-तीन पट्ट्या एकमेकींत अडकवून पाहिल्या. त्या सुटून पोरांच्या पायाशी पडल्या.

"सरका," झुंबरबाई म्हणाल्या आणि पदर खोचून मधोमध जाऊन बसल्या.

दुपारपर्यंत हॉलभर "मॅडम, मॅडम" सुरू झालं. हिंदी अडली की झुंबरबाई पोरींची बोटं धरून फिरवत, चुकलं की हातावर चापटी देत, आणि पोरी हसत. गेणभाऊ पट्ट्या भिजवून आणून देत होते, कचरा गोळा करत होते. सुरुवातीला त्यांना जरा ओशाळं वाटलं. पण बायकोचं ते फुललेलं तोंड बघता बघता त्यांना मनापासून बरं वाटू लागलं.

एका मुलीने त्यांच्या हातातून पट्ट्या घेतल्या आणि आदबीने विचारलं, "अंकल, आप मॅडम के असिस्टंट हैं?"

गेणभाऊंनी झुंबरबाईंकडे पाहिलं. झुंबरबाईंनीही मान वर केली.

"हां जी," गेणभाऊ म्हणाले. "लगीन हुआ तबसे."