गाडी न येणाऱ्याला विकणे आहे

"चालवायला येतं?" तात्या तांडेल विचारत. गिऱ्हाईक छाती फुगवून "हो" म्हणालं, की तात्या म्हणत, "मग जा. तुला नाय देणार."

आमच्या आळीत पहिला टीव्ही आला, त्या वर्षीची गोष्ट. तात्यांनी मोटारसायकल विकायला काढली होती. जन्मभर मासेमारीच्या मचव्यावर तांडेलकी केलेला हा माणूस दर्या सोडल्यावर गाडीच्या मागे लागला. रत्नागिरीच्या खाऱ्या हवेनं आमच्या खिडक्यांचे गज झडले, पण त्यांच्या बुटक्या काळ्या गाडीवर गंजाचा ठिपका नव्हता. रोज संध्याकाळी ते ती गोड्या पाण्यानं पुसत, मग खोबरेलाचा हात फिरवत. स्वतःच्या टाळूला तेल लावायचं मात्र विसरत.

मी तेव्हा आतल्या गावांत नर्स म्हणून नवीन लागले होते. एसटी सकाळ-संध्याकाळ, आणि बाळंतपणं काही एसटीच्या वेळा पाहून होत नसत. शेवटी तात्यांकडे गेले.

"चालवायला येतं?"

"सायकलसुद्धा धड येत नाही, तात्या."

त्यांचा चेहरा उजळला. "मग घे. गरीब हाय गाडी, पायसुद्धा टेकतील तुझे. पण शिकवणार मी."

बाईमाणसानं फटफटी चालवायची म्हणून आईनं अबोला धरला. तात्या दारात येऊन तिला म्हणाले, "वयनी, होडी बुडते. ही नाय बुडत." आई हसली आणि अबोला तिथेच संपला.

गावाबाहेरच्या सड्यावर, उघड्या कातळावर शिकवणी सुरू झाली. तात्या दगडावर पाठमोरे बसत, कान तेवढा माझ्याकडे. "घाबरून मूठ पिळलीस, बाय! क्लच सोड हळू, पाण्यात जाळं सोडतात तसा." मी चुकले तरी त्यांचा आवाज कधी चढला नाही. एकदा करवंदीच्या जाळीत पडले, तर आधी विचारलं, "गाडीस लागलं?" आणि थोड्या वेळानं, जरा ओशाळून, "आणि तुला?"

हात बसला. कागद झाले, गाडी माझी झाली. तेव्हा तात्या म्हणाले, "एकदा लांज्यास नेशील? ताय असते तिथं. आधी दर रविवारी मीच जायचो."

मला वाटलं, ही शेवटची परीक्षा. पण वाटेत मागून एकही सूचना आली नाही.

भर दुपारी पोचलो. गाडीचा आवाज ऐकून त्यांची थोरली बहीण अंगणात आली. तात्या म्हणाले, "ताय, अंधारात काय उभी राहिलीस? पुढे ये गो, दिसत नायस."

ताई लख्ख उन्हात उभी होती. हाताच्या अंतरावर.

ती क्षणभर थबकली. मग तात्यांचा हात धरून तिनं आपल्या गालावर ठेवला. तात्या बोटांनी चाचपत म्हणाले, "सुकलीस गो." ताई म्हणाली, "तू कुठं जाडा झालायस?" आणि पदरानं डोळे पुसून चहा टाकायला आत गेली.

परतताना मला राहवेना. "कुणालाच का सांगितलं नाहीत?"

"सांगून काय डोळे येणार हायत?" तात्या मागून म्हणाले. मग म्हणाले, "चालवता येणारा गाडी घेऊन जातो, बाय. परत कशाला येईल माझ्याकडे?"

रस्ता मला धूसर दिसायला लागला. मी गाडी बाजूला घेतली, डोळे पुसले आणि विचारलं, "पुढच्या रविवारी किती वाजता निघायचं?"



"तुझं कुठं बाळंतपण नसेल तेव्हा," तात्या म्हणाले आणि कॅरिअर घट्ट धरलेला हात सोडवून माझ्या खांद्यावर ठेवला.