चाफ्याची फांदी आणि धोंडू हत्ती

एका जंगलात एक चाफा होता. एकच. साग होते, ऐन होते, करवंदीच्या जाळ्या तर पावलापावलाला होत्या, पण चाफा तेवढा एकच. पांढऱ्या पाकळ्या, पोटात हळदीचा रंग, देवळाबाहेर असतो ना, तोच. आता तुम्ही विचाराल, जंगलात देऊळ नव्हतं तर चाफा कुठून आला? विचारू नका. गोष्ट सांगताना मध्ये बोललेलं मला खपत नाही.

या चाफ्याखाली वाघमहाराज दुपारचे झोपत. फुलं टपटप त्यांच्या नाकावर पडत. महाराज झोपेत हसत. आणि महाराज हसले, की त्या दिवशी शिकारीला जायचं विसरत. त्यामुळे हरणांचा या चाफ्यावर फार जीव होता.

त्याच जंगलात धोंडू नावाचा हत्ती राहायचा. अंगाने डोंगर, मनाने लोणी. कार्तिकातल्या एका सकाळी धोंडूची पाठ खाजली. समोर चाफा होता. धोंडूने पाठ घासली. एकदाच घासली हो! कडाड् आवाज झाला आणि चाफा आडवा.

कोणी पाहिलं नव्हतं. धोंडू गप्प बसला असता तर सगळं वाऱ्यावर ढकलता आलं असतं. पण तो सरळ महाराजांसमोर जाऊन उभा राहिला.

"महाराज, चाफा मी पाडला. पाठ खाजत होती."

"खाजत होती?" महाराज गरजले. "मग ऐक. होळीच्या आत या चाफ्याच्या एका तरी फांदीने मूळ धरलं पाहिजे. नाहीतर तू डोंगरापलीकडच्या माळावर जायचंस. कायमचं!"

माळावर तळं नव्हतं. सावली नव्हती. दुसरा हत्ती तर नव्हताच. आणि धोंडू तळ्यावाचून एक दिवस राहिलेला नव्हता. तो घरी गेला आणि जेवला नाही. हत्ती जेवला नाही म्हणजे काय, ते तुम्हाला कळायचं नाही. तुम्ही भाजी पानात टाकून उठता.

थंडी पडायला लागली होती. उघड्यावर लावलेली फांदी गारठून मरते, म्हणून फांद्या घरात लावायचं ठरलं. काम ठरलं की समिती आलीच. 'चाफा संगोपन समिती' स्थापन झाली आणि सदानंद कोल्हे अध्यक्ष झाले. कोल्हेसाहेबांनी आयुष्यात एक झाड लावलं नव्हतं, पण झाडांखाली भाषणं पुष्कळ केली होती.

समितीने पाच सरळसोट फांद्या निवडल्या आणि शाही पाहुण्यांच्या गुहेत नेल्या. एक वाकडी उरली.

"ही तू ठेव," कोल्हेसाहेब धोंडूला म्हणाले. "तुझ्या समाधानासाठी."

ती वाकडी फांदी सोंडेत धरून धोंडू खवलीमावशीकडे गेला. खवलीमावशी म्हणजे खवले मांजर. अंगभर खवले, जिभेवर मुंग्या, आणि बोलणं अगदी रोखठोक. तिच्या बिळावर एक काळा कातळ होता. तो दिवसभर उन्हात तापायचा आणि रात्रभर बीळ ऊबदार राहायचं.

"मावशी, वाचव गं हिला. हिच्यावर माझं तळं अवलंबून आहे."

मावशीने फांदी उलटसुलट करून पाहिली. तुटलेल्या टोकातून पांढरा चीक गळत होता.

"ठेव त्या कोपऱ्यात."

"आणि लावायची कधी?"

"जखम सुकल्यावर. आठ-दहा दिवसांनी. ओली लावलीस तर कुजेल."

"तोवर मी काय करू?"

"काही करू नकोस."

मुलांनो, यापेक्षा अवघड काम जंगलात कोणी कोणाला दिलं नव्हतं.

दहा दिवसांनी मावशीने फुटक्या माठात अर्धी वाळू, अर्धी माती भरली, फांदी खोचली, एकदा पाणी शिंपडलं आणि माठ बिळाच्या तोंडाशी ऊन येतं तिथे ठेवला. झालं. धोंडूला मात्र चैन पडेना. रोज सकाळी तो तळ्यावरून सोंडभर पाणी घेऊन यायचा.

"मावशी, घालू?"

"नको."

"थोडंसं?"

"फांदीला पानं नाहीत, मुळं नाहीत. पाणी पिणार कशाने? आण इकडे, माझी आंघोळ व्हायची आहे."

अशी त्या हिवाळ्यात खवलीमावशीची रोज आंघोळ झाली. पौषाच्या गारठ्यात रोज सोंडभर थंड पाणी! तिने तोंडातून ब्र काढला नाही. एकदा धोंडूने हळूच सोंड आत घालून फांदी हलते का ते चाचपून बघितलं. मावशीने सोंडेवर अशी चापट मारली, की तो दोन दिवस नाकात बोलत होता. तसा तो रोजच नाकात बोलायचा, पण त्या दोन दिवसांत जास्त.

तिकडे समितीचं काम जोरात चाललं होतं. पाचही फांद्या आल्या दिवशीच मातीत रोवल्या, चिकासकट. दिवसातून तीन वेळा पाणी. थंडी वाजू नये म्हणून गोधड्या. आणि दर गुरुवारी पाचही फांद्या उपटून, मुळं आली का ते पाहून, पुन्हा रोवायच्या. मग अहवाल जायचा, 'मुळांची प्रगती समाधानकारक आहे. मुळे अद्याप आलेली नाहीत.'

माघात फांद्या बुडाशी काळ्या पडल्या. दाबल्या की बोट आत जाऊ लागलं. गुहेत नाक मुठीत धरून जावं लागायचं. त्या आठवड्यात अहवाल गेला, 'फांद्यांच्या स्वभावात मऊपणा आला आहे.'

महाराजांनी तो अहवाल वाचून मान डोलावली. झोप नीट होत नसली की महाराज कशालाही मान डोलवायचे.

होळी आली. समितीच्या पाच फांद्या तोवर खताच्या खड्ड्यात गेल्या होत्या. आणि मावशीच्या फुटक्या माठात, त्या वाकड्या फांदीच्या शेंड्यावर दोन पानं आली होती. पोपटी, बोटाएवढी. धोंडू त्यांच्याकडे बघायचा आणि घाईने दुसरीकडे बघायचा. आपली नजर लागेल अशी त्याला भीती.

सगळं जंगल बिळापाशी जमलं. हरणं पुढे. धोंडूच्या डोळ्यांत पाणी आलं.

"महाराज, जगली! बघा, पानं!"

महाराजांनी वाकून पाहिलं. ते हसणार, एवढ्यात कोल्हेसाहेब खाकरले.

"पानं दिसतात खरी. पण हुकमात शब्द आहे, मूळ. पानं नव्हे. मूळ दाखवा."

"अहो," मावशी म्हणाली, "चाफ्याची फांदी अंगातल्या रसावर आधी पानं काढते. मुळं मागून येतात. आत्ता कुठे दोन-चार धागे सुटले असतील. उपटलंत तर तुटतील, आणि पुन्हा यायचे नाहीत. पावसाळ्यापर्यंत थांबा."

"म्हणजे पुरावा नाही," कोल्हेसाहेब म्हणाले. "आम्ही दर गुरुवारी पाहत होतो. पारदर्शक कारभार होता आमचा!"

महाराज विचारात पडले. महाराजांना विचार करायची सवय नव्हती, त्यामुळे त्यांना लगेच थकवा आला.

"हुकूम म्हणजे हुकूम," ते म्हणाले. "धोंडू, फांदी उपटून मूळ दाखव. मूळ असेल तर तू इथे राहा. नाहीतर माळावर जा."

धोंडूने सोंड पुढे केली. फांदीभोवती गुंडाळली. नुसतं वर उचलायचं होतं. धागे दिसले असते, तळं मिळालं असतं, आणि फांदी चार दिवसांत मेली असती. तोवर कोणी बघायला आलं नसतं.

धोंडूने त्या दोन पानांकडे पाहिलं. मग त्याने सोंड सोडली.

"राहू द्या," तो म्हणाला. "एकदा पाडलाय मी चाफा. पुन्हा नाही पाडणार. मी जातो."

आणि तो गेला. तळ्याकडे वळूनही पाहिलं नाही त्याने, कारण पाहिलं असतं तर पाय निघाला नसता. खवलीमावशी त्या दिवशी रडली. मलाही इथे दर वेळी थोडं थांबावं लागतं. थांबू द्या.

हां. तर पुढे काय झालं?

फांदी जगली. पावसाळ्यात तिने भक्कम मुळं धरली, मावशीने ती जुन्या चाफ्याच्या जागी लावली, आणि पुढल्या वैशाखात पहिलं फूल महाराजांच्या नाकावर पडलं. लगेच कोल्हेसाहेबांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. सत्काराला उत्तर देताना ते म्हणाले, "फांदीत दोष नव्हता. दोष हत्तीत होता. हत्ती घालवला आणि चाफा फुलला!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. ही रीत सोपी होती, म्हणून ती सगळ्यांना पटली. पुढच्या वर्षी आंब्याला मोहर कमी आला. "मी त्यावर एकदा शिंकलो होतो," असं एक गवा म्हणाला. गवा हद्दपार. ओढा आटला. "मी जरा जास्त प्याले," असं सांबरीण म्हणाली. तीही हद्दपार. खवलीमावशीने तर कोल्हेसाहेबांना तोंडावर खोटारडा म्हटलं आणि सामान बांधूनच बसली.

माळावर हळूहळू गर्दी झाली. एवढ्या पायांनी माती तुडवली, एवढ्या शिंगांनी उकरली, की पुढच्या पावसाळ्यात तिथे तळं साचलं. ही बातमी कळल्यावर हरणांनी न केलेल्या चुकाही कबूल केल्या आणि उड्या मारत निघून गेली.

जुन्या जंगलात आता चाफा आहे, महाराज आहेत आणि समिती आहे. शिकारीला मात्र कोणी उरलेलं नाही. त्यामुळे महाराज हल्ली कोल्हेसाहेबांकडे फार वेळ टक लावून बघत बसतात. कोल्हेसाहेबांना वाटतं, आणखी एक सत्कार होणार.

तात्पर्य: मुलांनो, झाड पाडायचं असेल तर खुशाल पाडा, पण पुन्हा लावायला जाऊ नका. पाडणाऱ्याला शिक्षा होते, ती एकदाच. लावणाऱ्याकडे मात्र पुरावा मागतात.