इंदूआक्कांचे दुधीचे मोदक

आमच्या घरी गणपतीच्या दर्शनाला आलेल्या माणसाच्या हातावर प्रसाद पडण्याआधी त्याचं बोट टोचलं जातं. टोचणारी बाई म्हणजे माझ्या थोरल्या नणंद, इंदूआक्का. देवाला नमस्कार करून माणूस मागे वळतो तर दारापाशीच्या खुर्चीत आक्का बसलेल्या. मांडीवर साखर मोजायचं मशीन, शेजारी कापसाचे बोळे. "बोट दे," एवढंच म्हणतात. माणूस गोंधळून बोट पुढे करतो, कारण गणपतीच्या घरात कुणी नाही म्हणत नाही. आकडा बरा आला तर अर्धा मोदक. वर गेला तर मूठभर फुटाणे आणि एक वाक्य: "जीभ चार बोटांची, भोग जन्माचा."

पहिल्या वर्षी गावाला गंमत वाटली. फुकट तपासणी होते म्हणून वरच्या आळीतले म्हातारे देवाकडे न बघता थेट आक्कांपुढे बोट धरून उभे राहिले. दुसऱ्या वर्षापासून ज्यांना आपला आकडा ठाऊक होता ते रस्त्यावरूनच हात जोडून पुढे जायला लागले. देवाला ते चालत असेल, मला चालत नाही. पहाटे उठून उकड काढायची, कंबर मोडेस्तोवर मोदक वळायचे आणि लोकांनी आपल्या दारावरून चोरासारखं निघून जायचं, याला काय सण म्हणतात?

आमचं गाव पेणहून गागोद्याकडे जाताना लागतं. पावसात भात, थंडीत वाल, आणि मधल्या दिवसांत एकमेकांच्या घरात काय शिजतंय याची चौकशी, असा इथला कारभार. हे, म्हणजे माझे यजमान पांडुरंग, कंपनीतून निवृत्त झाले तेव्हा कंपनीनं भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि डॉक्टरनं साखर शोधून दिली. घड्याळ वर्षभरात बंद पडलं, साखर अजून चालू आहे. तेव्हापासून आक्कांनी आमचा सण ताब्यात घेतला.

आक्का रोह्याला राहतात, दोन खोल्यांत, एकट्या. रोह्याहून गाडीत बसलं की पेण काही लांब नाही, पण त्या आपणहून कधी येत नाहीत. "बोलावणं आल्याबिगर लेकीनं माहेरचा उंबरा चढू नये," म्हणतात. म्हणून दरवर्षी हे आदल्या दिवशी जाऊन त्यांना घेऊन येतात. एका पिशवीत दोन साड्या, दुसरीत नाचणीचं पीठ, मेथीदाणे, वाळवलेली कारली आणि ते मशीन. मी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकते. आक्का म्हणतात, "मी काय गो सुमन, चार दिसांची पाव्हणी. तुमचं तुम्ही चालू द्या." आणि पाय धुवायच्याही आधी स्वयंपाकघरात जाऊन साखरेचा डबा माळ्यावर टाकतात. गुळाची ढेप रात्री त्यांच्या उशाशी असते. मला गूळ हवा असेल तर पाव्हणीकडे मागावा लागतो.

मागल्या वर्षी तर त्यांनी पेणच्या कारखान्यातच घोळ घातला. कारखाना म्हणजे गणपतीचा, आमच्याकडे दुसरा कुठला असणार. स्टेशनवरून येताना मूर्ती घेऊ म्हणून हे त्यांना तिकडे घेऊन गेले. आक्कांनी देवाला मुकुटापासून पायापर्यंत बघून घेतलं आणि मूर्तिकाराला विचारलं, "पोट जरा कमी व्हईल काय?"

मूर्तिकार म्हणाला, "आक्का, रंग झाला आता."

"मंग पुढच्या सालाला बघा. मानसं ह्याच्याकडं बघून म्हनतात, देवालाच एवढं हाय तर आमचं काय. त्याला कोन बोलनारा नाय म्हणून तुम्ही वाढवत बसाल काय?"

मूर्तिकारानं ब्रश खाली ठेवला आणि ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी मुकाट्यानं मूर्ती उचलली. घरी येऊन मला सांगताना ह्यांना हसू आवरत नव्हतं. मला ते सहज आवरलं, कारण त्या पोटाचा नैवेद्य मला करायचा होता आणि गूळ आक्कांच्या उशाशी होता.

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी येते. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून परसातल्या भाज्या एकत्र शिजवायच्या. अळू, माठ, पडवळ, शिराळं, भेंडी, सुरण. मसाला नाही, फोडणी नाही, गोडाचं तर नावच नाही. लोक वर्षातून एकदा कौतुकानं खातात आणि दुसऱ्या दिवशी सुटलो म्हणतात. आक्कांच्या मते खरा सण हाच, बाकीचे दिवस म्हणजे जिभेचे चोचले. यंदा त्यांनी ऋषिपंचमी दुसऱ्या दिवशीही चालू ठेवली. "ऋषी काय वर्साला एकदाच जेवत व्हते?" आमचा अमोल पुण्याहून रजा काढून आला होता. त्यानं ताटाकडे बघून मला हळूच विचारलं, "आई, गणपती आपल्याकडे आलाय, की आपण कुणाच्या आश्रमात आलोय?" मी म्हटलं, "आत्याला विचार." त्यानं निमूट अळू खाल्लं.

त्याच संध्याकाळी आळीची आरती आमच्याकडे होती. सगळी आळी टाळ घेऊन घराघरांतून फिरते, आणि ज्या घरी शेवट त्या घरी सगळ्यांना मोदक. मी हट्टानं गूळ मागून घेतला, सारण केलं, झाकून ठेवलं आणि अंघोळीला गेले. तेवढ्या वेळात आक्कांनी अर्ध्याच्या वर सारण काढून घेतलं आणि उरलेल्यात खोबऱ्यासोबत परतलेला दुधीचा कीस मिसळला. मला पत्ताच नाही. मोदक वळताना सारण हाताला ओलसर लागत होतं, पण नारळ कोवळा निघाला असेल म्हणून मी सोडून दिलं. नैवेद्य दाखवला. देव काही बोलला नाही.

शेजारचे दामूअण्णा बोलले. दामूअण्णा म्हणजे आळीच्या आरतीचा आवाज. त्यांनी मोदक अख्खा तोंडात टाकला, दोनदा चावला आणि टाळ मांडीवर ठेवले. "सुमन, गुळाशी भांडलीस काय गो?" सगळी ओटी हसली. कुणीतरी मोदक फोडून दुधीचा हिरवा धागा शेजाऱ्याला दाखवला. एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलं. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून माझ्या मोदकांना कुणी नाव ठेवलं नव्हतं. लाजेनं मला कुठे तोंड लपवू असं झालं. ह्यांनी मात्र मान खाली घालून दोन मोदक खाल्ले, सावकाश, शेवटचा कण बोटानं टिपून.

मंडळी गेल्यावर मी स्वयंपाकघरात आक्कांना गाठलं. म्हटलं, "आक्का, माझं नाक कापलंत ते कापलंत, देवालाही फसवलंत."

"देवाला काय फसवायचा? दुधी काय ईख हाय?" आक्का भांडी विसळत होत्या, मागे वळल्यासुद्धा नाहीत. "पांडूनं दोन खाल्ले. गुळाचा अर्धा तरी खाऊ दिला असता काय मी?"

"मग त्यांच्यापुरते वेगळे करायचे होते. सगळ्या गावाला कशाला?"

"येगळे केले असते तर सगळ्यांच्यात बसून त्याच्याच पानात आजाऱ्याचं वाढलं असतं तू. खाली मान घालून उठला असता तो."

त्यांचं म्हणणं खरं होतं, म्हणून राग आणखीच वाढला. खोट्या माणसाशी भांडायला बरं असतं. खऱ्याशी भांडायचं म्हणजे आपलंच रक्त आटवायचं. दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले.

आक्कांचे यजमान रोह्याला कंपनीत होते. गोडाचे शौकीन, आणि आक्कांच्या हाताला तेव्हा अशी चव की नुसता शिरा केला तरी माणूस वाटी चाटायचा. शिफ्टवरून आले की समोर काहीतरी गोड हवं, आणि आक्का हौसेनं करून घालायच्या. साखरेनं आधी त्यांचा पाय गेला, मग नजर गेली, मग ते गेले. मूलबाळ नव्हतं. तेरावं झाल्यावर सासरचं कुणी त्या दोन खोल्यांकडे फिरकलं नाही. तेव्हापासून आक्कांनी स्वतःच्या हातानं कधी गोड केलेलं मी पाहिलेलं नाही.

आमच्या घरात गौर लेकीनं आणायची पद्धत आहे. विहिरीवर तेरड्याची रोपं पुजायची आणि पदराखाली घेऊन मागे न बघता घरी यायचं. आक्कांचे यजमान गेले त्या वर्षी आळीतल्या बायकांनी विषय काढला, की आता गौर कोण आणणार, आक्कांनी कशी आणायची. एरवी कधी आवाज न चढवणारा माझा नवरा ओटीवर आला आणि म्हणाला, "गौर माझी भयीण आणील. नायतर या घरात गौर येनार नाय." तेव्हापासून दरवर्षी गौर आक्काच आणतात.

तर असं आहे. जगात एकच घर उरलंय जिथे आक्का अजून लेक आहेत, आणि ते घर या एका साखरेच्या माणसावर उभं आहे. तो गेला तर रोह्याला बोलावणं घेऊन कोण जाणार? मी जाईन का, असं आक्कांनी मला कधी विचारलेलं नाही आणि मी आपणहून सांगितलेलं नाही. हे सगळं मला कळतं. कळतं म्हणून गुळासाठी हात पसरताना बरं वाटतं, असं मात्र नाही.

यंदाही गौर त्यांनीच आणली. गुडघे दुखतात, विहिरीची वाट निसरडी, तरी कुणाला हात धरू दिला नाही. मी पायरीवर त्यांच्या पायांवर दूधपाणी घातलं आणि विचारलं, "गौर कशाच्या पावलानं आली?" आक्का म्हणाल्या, "सोन्याच्या पावलानं आली." आवाज अगदी लहान पोरीचा. त्या दिवशी कुणाचं बोट टोचलं गेलं नाही. दुसऱ्या दिवशी गणपतीपुढे पडदा ओढून गौरीला मटण-वड्यांचा नैवेद्य झाला. मटणाला आक्कांची हरकत नसते, वडे मात्र त्या स्वतः मोजून वाढतात.

विसर्जनाच्या दिवशी दुपारी आम्ही चौघं जेवायला बसलो होतो. अमोलला रजेची नेहमीच मारामार. तो म्हणाला, "बाबा, पुढच्या वर्षीपासून दीड दिवसाचा गणपती आणू या. हल्ली पुष्कळ घरांत तसंच करतात. आत्या म्हणतेच ना, जेवढा लांब सण तेवढी साखर. दीड दिवस म्हटलं की प्रश्नच मिटला."

त्यानं ते आत्याची बाजू घेऊनच म्हटलं होतं. ह्यांनी भात कालवता कालवता विचार केला आणि म्हणाले, "खरा हाय. आक्का, तुझा पण जीव सुटेल. सगळ्यांच्या मागं धावून दमतेस."

मी लगेच हो म्हटलं. का नाही म्हणणार? एक दिवस मोदक करायचे, दुसऱ्या दिवशी ऋषीची भाजी, संध्याकाळी देव पाण्यात आणि मी अंथरुणात. आरतीची मंडळी नाहीत, दामूअण्णा नाहीत, दुधी नाही. मी मनात पुढच्या वर्षीची झोपसुद्धा काढून घेतली.

मग माझं लक्ष आक्कांच्या हाताकडे गेलं. घास उचललेला हात ताटावर तसाच थांबला होता. दीड दिवसाचा गणपती दुसऱ्या संध्याकाळी जातो. गौर त्यानंतर येते. आमच्याकडे गणपती उठल्यावर घरात गौर बसवत नाहीत, आणि गौर नाही तर ती आणणाऱ्या लेकीचंही काम नाही. हे अमोलच्या ध्यानात आलं नव्हतं आणि ह्यांच्याही नाही.

"व्हय," आक्का म्हणाल्या. "बरोबर हाय. तब्येतीला बराच हाय ता."

घास त्यांनी ताटात परत ठेवला. उठल्या, हात धुतले आणि स्वयंपाकघरात गेल्या. तांदळाच्या पिंपामागे मी करंज्यांचा एक डबा लपवून ठेवला होता, येणाऱ्याजाणाऱ्यासाठी, त्यांच्या नजरेआड. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज मला ऐकू आला. कुठे शोधाशोध नाही, चाचपडणं नाही. म्हणजे त्यांना तो पहिल्या दिवसापासून माहीत होता आणि माझी लाज राखून त्या गप्प बसल्या होत्या.

त्या बाहेर आल्या आणि दोन करंज्या ह्यांच्या ताटात ठेवल्या. पिठीसाखर आणि खोबऱ्यानं टम्म भरलेल्या, तुपात तळलेल्या.

"खा," म्हणाल्या.

ह्यांना वाटलं थट्टा चाललीय. ते माझ्याकडे बघायला लागले.

"खा रे पांडू. सणाचं हाय. सण म्हटला की चार दिवस गोड व्हायचंच. त्याला काय सण आखूड करायचा?"

बहिणीनं सांगितलं म्हणून ह्यांनी करंजी तोंडात घातली. आक्का त्यांच्याशेजारी खाली बसल्या, पदरानं त्यांच्या ताटावरची माशी वारली, आणि ते चावत असताना एकटक बघत राहिल्या. डोळे भरले होते. नवऱ्याचा पाय याच हातांनी गेला असं मानणारी बाई आता त्याच हातांनी भावाला साखर भरवत होती. मग ह्यांच्याकडे न बघता, मखराशेजारच्या गौरीकडे बघत त्यांनी हळूच विचारलं, "मंग गौर येल ना रे?"

ह्यांचं तोंड भरलेलं होतं.

"येईल आक्का," मी म्हटलं, आणि ह्यांच्या ताटातली दुसरी करंजी उचलून घेतली.