टाका आत लागता कामा नये

गायकवाडकाकांकडे चहाला गेलं की आधी आपले बूट तपासले जातात. दाराशी काढलेल्या प्रत्येक बुटात काका मनगटापर्यंत हात घालतात, चाचपतात आणि चहासोबत निकाल देतात. शेजारी म्हणून माझा निकाल ठरलेला: "शिवण टोचते रे तुझी. चालतोस कसा?" मी मुळातच अपराधी वाटून घेणारा माणूस. बूट मी शिवलेले नसतात, तरी सॉरी म्हणतो.

काका इथलेच, इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनचे रिटायर्ड डेंटिस्ट. कपाळावरचा तो दाताच्या डॉक्टरांचा दिवा अजून आहे, पण त्या उजेडात ते आता मोकासिन शिवतात. उत्तर अमेरिकेतल्या असिनिबॉइन या मूळ रहिवासी लोकांचे, मणी जडवलेले मऊ कातडी जोडे. कॅनडात मुलीकडे गेले असताना एका असिनिबॉइन आजींच्या क्लासला बसले होते. "बाईंनी माझी शिवण परत परत उसवली," हे ते पदवी मिळाल्यासारखं सांगतात.

सगळं कसब सुईत. ती कातड्याच्या आरपार न्यायचीच नाही. अर्ध्या जाडीतूनच वळवून वर काढायची. बाहेर मण्यांच्या रांगा, आत टाका नाही. "रूट कॅनाल परवडलं!" नक्षी मात्र काका उचलत नाहीत. "ती त्यांच्या घराघरांतली. दुसऱ्याचं आडनाव लावायचं का आपण?" त्यांच्या जोड्यावर निळ्या मण्यांच्या साध्या ओळी.

एकदा मी म्हणालो, "काका, एवढे डोळे कशाला फोडता? मऊ स्लिपर्स ऑनलाइन मिळतात की."

काकांनी दिवा बंद केला. "सुमनला तसल्याच आणल्या होत्या. शुगरमुळे तिच्या पायांना काही कळत नाही. आतली शिवण दिवसभर घासली. संध्याकाळी मोजा मला ओला लागला. जखम चिघळली, पायाचं बोट कापावं लागलं तिचं."

तेव्हापासून सुमनकाकू घराबाहेर पडल्याच नव्हत्या. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत एके काळी निवेदन त्याच करायच्या.

या दिवाळीआधी काका काकूंसाठी शिवलेला जोड घेऊन क्लिनिकमध्ये गेले. पायांच्या नर्सबाईंनी उलटसुलट पाहिला आणि कार्यक्रमाच्या हॉलपुरती परवानगी दिली. घरी काकू म्हणाल्या, "परत काही झालं तर?" काका म्हणाले, "मी आहे ना."

काकू आल्या. माझा हात धरून स्टेजच्या पायऱ्या चढल्या आणि माईक हातात आल्यावर माझा हात सोडून दिला. मला जो अभिमान वाटला, तेवढा स्वतःच्या मुलीच्या ग्रॅज्युएशनलाही वाटला नव्हता. हे मुलीला सांगू नका.

कार्यक्रमानंतर बायका जोड्याभोवती जमल्या. कोणीतरी विचारलं, "काय सुंदर हो! पायाला कसे लागतात?"

काकूंनी आपल्या पायांकडे पाहिलं. मग वळून काकांना म्हणाल्या, "अहो, कसे लागतात?"

"मऊ," काका म्हणाले. "सायीसारखे."

"सायीसारखे," काकूंनी त्या बाईंना सांगितलं.