खंडेरावमामा आणि कमरेवरचे हात

आमचे खंडेरावमामा माणसाचा चेहरा सगळ्यात शेवटी बघतात. आधी हात बघतात. हात अंगाला चिकटलेले आहेत की लांब, कोपर किती बाहेर आलंय, हे सगळं पाहून झालं की मग "ये, बैस" म्हणतात. लग्न होऊन मी तंजावरजवळच्या कुंभकोणमला आले आणि त्यांना वाकून नमस्कार केला, तर आशीर्वाद द्यायच्या आधी ते सासूबाईंना म्हणाले, "हिचे हात नैसर्गिक आहेत." मला वाटलं, इकडची रीतच असेल.

रीत वगैरे काही नव्हती. मामा हे सासूबाईंचे धाकटे भाऊ, गावातल्या मेलकावेरी भागात आमच्यापासून तिसऱ्या घरात राहणारे, आणि एके काळी गावातल्या सामन्यांचे रेफरी. फुटबॉलमध्ये चेंडू हाताला लागला तर तो फाऊल कधी धरायचा आणि कधी नाही, या एका प्रश्नावर त्यांनी आयुष्याचा मोठा भाग खर्च केला आहे. मी कोल्हापूरची आहे हे कळल्यावर तर त्यांना घबाडच सापडलं. कोल्हापुरात मॅच हरली की पोरं घरी धड जेवत नाहीत, तिथं मी वाढलेली. भांडायला माणूस मिळाला, तोही फुटबॉल कळणारा आणि मराठी बोलणारा, यावर मामांनी अख्ख्या गल्लीला कॉफी पाजली.

त्यांची मराठी मात्र वेगळी. पूर्वजांबरोबर ती तंजावरला आली आणि तिथल्या तिथंच राहिली. आपण 'मला' म्हणतो तिथं ते 'मज' म्हणतात, 'सगळे' म्हणायचं तर 'अस्के'. त्या भाषेत पेनल्टीचा नियम ऐकताना कुणी दरबारात फर्मान वाचतंय असं वाटतं.

बाजारात मामांचं पितळी भांड्यांचं दुकान आहे. तिथं कॉफीचे टंबलर म्हणजे बचावपटू, समया म्हणजे गोलचे खांब आणि सुपारी म्हणजे चेंडू. गिऱ्हाईक तमिळमध्ये समईची किंमत विचारतं आणि मामा तमिळमध्येच त्याला विचारतात की, इतक्या जवळून चेंडू आला तर माणसानं हात न्यायचा कुठं? गिऱ्हाईक घाईत असेल तर समई शेजारच्या दुकानातून घेतं. मामांना त्याचं काही वाटत नाही. पटवून घ्यायला थांबला नाही, त्याचंच नुकसान, असं ते म्हणतात.

एक गोष्ट लक्षात यायला मला फार वर्षं लागली. मामा नेहमी बचावपटूच्याच बाजूनं बोलतात. टीव्हीवर कुठल्याही देशाची मॅच असो, चेंडू कुणाच्या हाताला लागला की हे उठून उभे राहतात आणि विचारतात, "हात काय घरी ठेवून यावं त्यानं?" मी म्हणते, मामा, हात पसरून अंग मोठं केलं की फाऊल, नियमच आहे तसा. ते म्हणतात, नियम वाचणं वेगळं आणि समजणं वेगळं. मग आमची जी जुंपते, ती ऐकून माझा नवरा चप्पल घालून बाहेर पडतो. नियमाचे शब्द मध्यंतरी बऱ्याचदा बदलले. नवे शब्द आले की मामा ते छापून आणतात, लाल पेन्सिलीनं खुणा करतात आणि दुसऱ्या दिवशी तणतणत येतात. नेहमी मीच बरोबर ठरते. याचा मला फार अभिमान होता.

एकदा एकादशीला आम्ही जवळच्या गोविंदपुरमच्या विठ्ठलाला गेलो होतो. दर्शनाच्या रांगेत, थेट देवापुढं, मामांनी माझ्या कानाशी विचारलं की, हात असे कमरेवर ठेवणं म्हणजे अंग मोठं करणं होतं का? मी विठोबाची दोन्ही कोपरं नीट पाहिली आणि म्हटलं, होतं. चेंडू लागला तर पेनल्टी. पुजाऱ्यांनी तीर्थाची पळी हवेत धरून माझ्याकडे पाहिलं. भजनी मंडळी बसायला लागली तसे मामा घाईनं बाहेर पडले. भजनाला ते कधीच थांबत नसत.

का थांबत नाहीत, ते सासूबाईंनी मला गेल्या महिन्यात सांगितलं. त्या भजनात मृदंग वाजवतात ते भुजंगराव म्हणजे मामांचे लहानपणापासूनचे जिवलग. मेलकावेरीच्या संघाचे ते बचावपटू. माझ्या लग्नाच्याही आधी नाचियार्कोविलच्या दिवे ओतणाऱ्या कारागिरांच्या संघाशी मोठी मॅच झाली. मामा रेफरी. शेवटची काही मिनिटं उरली होती. हाताला चेंडू लागायची भानगडच नको म्हणून भुजंगराव गोलपुढं दोन्ही हात कमरेवर ठेवून उभे राहिले. चेंडू आला आणि नेमका कोपराला लागला. त्या काळी मुद्दाम हात लावला तरच फाऊल होता. अख्खं मैदान ओरडत होतं की, हा तर विठोबासारखा उभा आहे, मुद्दाम कसला? मामांनी शिट्टी वाजवली आणि पेनल्टी दिली. मेलकावेरी हरली. त्या दिवसापासून भुजंगराव मामांशी बोलले नाहीत.

"आता तो मुलीकडे बेंगळुरूला चाललाय, कायमचा," सासूबाई म्हणाल्या. "गुरुवारी."

मला स्वतःची लाज वाटली. हा माणूस वीस वर्षं माझ्याशी भांडला तो मला हरवायला नव्हे. ती एक शिट्टी चुकीची होती असं म्हणणारा नियम तो शोधत होता, आणि मी दर वेळी मोठ्या हुशारीनं ती बरोबर ठरवून देत होते.

बुधवारी सकाळी मी मामांना दुकानातून उठवलं आणि सरळ गोविंदपुरमच्या बसमध्ये बसवलं. कुठं चाललोय ते त्यांनी विचारलं नाही.

भुजंगराव देवळाजवळच्या आपल्या घराच्या ओट्यावर गाठोडी बांधत बसले होते. मृदंगाला जुन्या साडीत गुंडाळलं होतं. आम्हाला पाहून त्यांचे हात थांबले. मामा पायरीशीच उभे राहिले आणि म्हणाले, "भुजंगा, तो फाऊल नव्हे."

भुजंगराव बोटाला सुतळी गुंडाळत राहिले. मग खाली बघत म्हणाले, "होता. चेंडू येताना दिसला आणि मीच कोपर काढलं. दोन बोटं. अस्के म्हणाले, देवासारखा उभा होता, तेव्हा मीही मान हलवली. मग तुज तोंड कसं दाखवू?"

मी मामांकडे पाहिलं. इतकी वर्षं ते बरोबर होते. दुसरा कुणी असता तर ओट्यावर नाचला असता. मामांचे डोळे भरून आले होते.

"मज ठाऊक आहे," ते म्हणाले. "मी पाहिलं होतं."

"मग?"

"मग काय? त्या मॅचचा रेफरी मी. मी सांगतो, फाऊल नव्हे."

हे कुठल्याही नियमात बसत नाही, हे मला पुरतं ठाऊक होतं. मी गप्प राहिले. भुजंगरावांनी ओट्यावरचं गाठोडं उचलून खाली ठेवलं आणि मामांना बसायला जागा केली.