ग्लॅडिसबाईंनी घासलेला तवा

मंगळवारी सकाळी कस्तुराबाई इंझोरीहून परतली. पिशवी खुंटीला अडकवून तिनं पदर खोचला आणि धिरड्यांचा तवा काढायला भिंतीकडे हात नेला, तर खिळ्याला तवा नव्हता. त्या जागी एक करड्या रंगाचं, चकचकीत ताट टांगलेलं होतं. तिनं ते खाली काढून उलटंपालटं केलं. कडेचा उडालेला टवका तिच्या ओळखीचा निघाला. तो सासूच्या हातून उडाला होता. मग तिला त्या ताटात स्वतःचं तोंड दिसलं, पुसट का होईना पण दिसलं. चाळीस वर्षांत या तव्यात तिला कधी तोंड दिसलं नव्हतं. ती तवा मांडीवर घेऊन खाली बसली.

शेलूबाजारपासून जीपनं वीस मिनिटांवरच्या या ख्रिस्ती बालगृहात कस्तुराबाई अठरा वर्षांपासून स्वयंपाक करत होती. सध्या चौतीस पोरं होती. जेवणाआधी सगळी डोळे मिटून प्रार्थना म्हणत, तेव्हा ती दारात उभी राहून हात जोडायची. कुणाला, ते तिचं तिला माहीत. भांडीकुंडी बालगृहाची असली तरी तवा तिचा स्वतःचा. बिडाचा, उचलायला दोन हात लागतील एवढा, काळा कुळकुळीत. सासूनं तो पोटच्या लेकीला न देता सुनेला दिला होता, आणि देताना बजावलं होतं की याला साबण लावलास तर मला तोंड दाखवू नको. सासू जाऊन बारा वर्षं झाली होती, तरी कस्तुराबाई धाक राखून होती.

गेल्या गुरुवारी अमेरिकेतल्या एका चर्चमधून पाच माणसं आठ दिवसांसाठी इथं सेवा करायला आली. शनिवारपर्यंत त्यांनी कुंपणाची भिंत रंगवून टाकली, रविवारी प्रार्थना झाली आणि सोमवारी त्यांच्या हाताला काम उरलं नाही. इतक्या लांबून आलेल्यांना नुसतं बसवून ठेवणं बालगृह चालवणाऱ्या अमरसिंग सरांना बरं वाटेना. "कस्तुराबाई, तुमाले भाचीच्या घरी बारशाले जाचं होतं ना? जा," ते म्हणाले. "एक दिवस सयपाकघर पाहुणे पाहतीन." ती गेली. एका दिवसात काय बिघडणार, असं तिलाही वाटलं होतं.

आता सर दारात येऊन उभे राहिले आणि तिच्या मांडीवरचं ते चकचकीत ताट पाहून त्यांचा आवाज एकदम खाली गेला.

"हळू बोला," ते म्हणाले. ती अजून काहीच बोलली नव्हती. "ग्लॅडिसबाईनं घासला. तीन घंटे घासत होत्या. हाताले फोड आले त्याहीच्या."

"मंग मी काय करू? ओवाळू तिले?"

"एक शब्द बोलू नका. सत्तरीची बाई हाय, सात समुद्र ओलांडून सेवा कराले आली. मनाले लागीन तिच्या. चांगलं झालं म्हणा न् विषय मिटवा."

तेवढ्यात ग्लॅडिसबाई स्वतःच आल्या. ताडमाड उंच, पांढरेशुभ्र केस, वाशिमला घेतलेला पंजाबी ड्रेस पोटऱ्यांपर्यंतच पोचलेला, आणि उजव्या हाताच्या तीन बोटांना चिकटपट्ट्या. बरोबर मंजुषा होती. ती याच बालगृहात वाढून आता इथंच पोरांना शिकवत होती, आणि पाहुणे आल्यापासून दोन्ही बाजूंचं बोलणं तीच इकडचं तिकडे करत होती.

"मंजे, हिले इचार," कस्तुराबाई म्हणाली, "माह्या सासूनं हिचं काय घोडं मारलं होतं?"

मंजुषानं सरांकडे पाहिलं. सरांनी डोळे मिटून घेतले. मग मंजुषानं इंग्रजीत सांगितलं की काकूंना इतका आनंद झालाय, की त्यांना त्यांच्या सासूबाईंची आठवण आली.

ग्लॅडिसबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी कस्तुराबाईचा हात धरून तिला उठवलं आणि अजून पुष्कळ दाखवायचं आहे असं म्हणत फडताळापाशी नेलं. डबे पुसून ओळीनं मांडले होते आणि प्रत्येकावर इंग्रजी चिठ्ठी होती.

"काय लिवलं?" कस्तुराबाईनं विचारलं.

"पीठ एक, पीठ दोन, पीठ तीन," मंजुषा वाचत गेली. "पिवळी पूड. आन ह्या तिखटाच्या डब्यावर लिहिलंय, सावधान."

इथपर्यंत कस्तुराबाईनं सोसलं. पण बाई तिला कोपऱ्यातल्या दोन कोठ्यांकडे घेऊन निघाल्या, तेव्हा ती हात सोडवून घेऊन पुढं झाली. त्यांत मूग होते. पंधरा दिवसांनी बालगृहाच्या शेतात पेरायचं बियाणं. कीड लागू नये म्हणून फेब्रुवारीत तिनं स्वतः चाळलेली राख चोळून ते भरून ठेवलं होतं.

"तुमच्या मुगात कुणाच्या तरी हातून चुलीतली राख सांडली होती," ग्लॅडिसबाई अभिमानानं सांगत होत्या आणि मंजुषा खालच्या आवाजात मराठी करत होती. "आम्ही दुपारभर धूत होतो. सहा पाणी बदललं. आता एक कण राहिला नाही."

झाकण उघडल्याबरोबर ओलसर, कोमट वाफ तोंडावर आली. ओलेच भरून ठेवलेले मूग जूनच्या उकाड्यात एका रात्रीत जागे झाले होते. कोठीभर पांढरे मोड तिच्याकडे पाहत होते.

कस्तुराबाईनं कपाळाला हात लावला. इथं आभार असेच मानत असावेत असं समजून ग्लॅडिसबाईंनीही कपाळाला हात लावला. मागं येऊन उभ्या राहिलेल्या बाकीच्या चौघा पाहुण्यांनी त्यांचं पाहून तेच केलं, आणि त्यांच्यातल्या एका गृहस्थानं दुसऱ्या हातानं फोटो काढला.

पोरं भुकेली होती, म्हणून कस्तुराबाईनं मुकाट्यानं चूल पेटवली. पहिलं धिरडं तव्याला असं धरून बसलं की उलथनं वाकायची वेळ आली. दुसरं त्याहून घट्ट. दहा धिरड्यांनंतर परातीत नुसता चुरा जमला. पोरांनी तो काही न बोलता खाल्ला, पण लहानगी लायबा म्हणाली, "काकू, तुमी आज आजारी हा का?" अठरा वर्षांत पहिल्यांदाच कस्तुराबाईला तिच्या हातच्या जेवणावरून कुणी असं विचारलं होतं. ते तिला तव्याहूनही जास्त लागलं.

आणि ती चुलीपाशी धिरडी खरवडत असताना पाहुणे मागच्या खोलीत पोचले. आपल्या कामानं काकूंना इतका आनंद झाला, मग हात आखडता कशाला घ्यायचा? तिथं आठ दिवसांपूर्वी घातलेलं वर्षभराचं आंब्याचं लोणचं दोन बरण्यांत मुरत होतं. वर चार बोटं तेल होतं. एवढं तेल लेकरांच्या पोटात जाणं बरं नव्हे, असं पाचही जणांचं एकमत झालं. कस्तुराबाई मागच्या दाराशी आली, तेव्हा ग्लॅडिसबाई दुसरी बरणी जपून तिरकी करून शेवटचं तेल पेरूच्या बुडाशी ओतत होत्या. पहिल्या बरणीच्या तेलावर मुंग्यांची रांग केव्हाच लागली होती.

ती ओरडली नाही की रडली नाही. आत जाऊन तिनं पिशवी खुंटीवरून काढली, तवा लुगड्याच्या धडप्यात बांधला आणि फाटकाकडे चालू लागली.

सर मागं धावले. "कस्तुराबाई, कुठी चालल्या?"

"इंझोरीले. बहिणीकडं राहीन."

"काहून पण? चौतीस पोट्टे हायत, वरून पाच पाहुणे. कोणाच्या भरवशावर टाकू?"

"सेवा कराले आले ना थे? करू द्या सेवा."

ग्लॅडिसबाईही लांब टांगा टाकत आल्या. काय झालं, त्या विचारत होत्या. सरांनी इंग्रजीत सांगायला सुरुवात केली की काकूंच्या बहिणीची तब्येत जरा, पण कस्तुराबाईनं त्यांना हातानं थांबवलं आणि मंजुषाकडे वळली.

"आता मी जसं बोलतो तसंच सांग. एक शब्द गोड केला त तुले माही शपथ हाय."

मग ती बोलली. तवा सासूचा होता आणि चाळीस वर्षं तेल पिऊन तो काळा झाला होता. राख सांडलेली नव्हती, बियाण्याला चोळलेली होती. तेल होतं म्हणून लोणचं वर्षभर टिकणार होतं. पोरांनी आज चुरा खाल्ला. मंजुषा एकेक वाक्य सांगत गेली आणि ग्लॅडिसबाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. शेवटी त्या फाटकाजवळच्या दगडावर बसल्या. कस्तुराबाईच्या हातातलं गाठोडं मांडीवर घेऊन, गाठ सोडून त्यांनी तव्यावर बोट फिरवलं, बोटानं टिचकी मारली, आणि तो कशाचा आहे हे त्यांना तेव्हा कुठं कळलं.

मग त्या सांगू लागल्या. त्यांच्या घरी त्यांच्या आजीची बिडाची कढई होती. अशीच काळी. तिला साबण लावायची घरात कुणाची टाप नव्हती. दोन वर्षांपूर्वी त्या गावाला गेल्या असताना सुनेनं त्यांना खूश करायला म्हणून ती तारेच्या घासणीनं घासून पांढरी केली. तेव्हापासून त्या सुनेशी बोललेल्या नव्हत्या.

कस्तुराबाई थक्क होऊन ऐकत राहिली. "म्हंजे हिले समदं माईत होतं? मंग माहा तवा काहून घासला?"

मंजुषानं विचारलं. ग्लॅडिसबाईंनी खाली मान घालून अगदी हळू उत्तर दिलं. मंजुषानं आधी सरांकडे पाहिलं, मग शपथ आठवून ते जसंच्या तसं मराठीत सांगितलं.

"त्या म्हणतात, त्यांना वाटलं की तुमच्याकडं साबण नसन."

अमरसिंग सर रंगवलेल्या भिंतीकडे पाहू लागले. कस्तुराबाईच्या डोक्यात आधी सणक गेली. मग तिला त्या बाईच्या बोटांच्या चिकटपट्ट्या दिसल्या, पोटऱ्यांवर थांबलेला ड्रेस दिसला, आणि कोण जाणे कसं, तिला हसू फुटलं. ती एवढी हसली की तिला फाटकाचा आधार घ्यावा लागला.

"उठ व माय," ती म्हणाली. "तवा पुन्हा काळा करा लागन."

दुपारभर दोघी चुलीपुढे बसल्या होत्या. अर्धा कांदा तेलात बुडवायचा, तव्यावर फिरवायचा, धूर निघेपर्यंत तापवायचं, निववायचं, पुन्हा कांदा. ग्लॅडिसबाईंचं म्हणणं होतं की तेल फार होतंय, पुसून घ्या. कस्तुराबाईचं म्हणणं होतं की तिला कुणी शिकवू नये. एक इंग्रजीत भांडत होती, दुसरी वऱ्हाडीत, आणि मंजुषा केव्हाच उठून गेली होती. तिसऱ्या खेपेला कस्तुराबाईनं तेल पुसून पाहिलं. तवा बरा दिसू लागला, हे तिनं कबूल मात्र केलं नाही. दरम्यान सरांनी शेजारच्या पुंजाजींकडे बियाण्यासाठी शब्द टाकला, आणि मोड आलेल्या मुगांची उसळ तीन दिवस खायची असं पोरांना समजलं.

चारच्या चहाला मंजुषा परतली, तेव्हा कस्तुराबाईनं तिला जवळ बसवलं. "हिले म्हण, मी चार घंट्यात बोलली तुयासंग. तुया सुनेनंबी चांगल्याच मनानं केलं असन. दोन वरसं कायले तोंड फिरवून बसली?"

ग्लॅडिसबाईंनी चहा अर्धा ठेवला. संध्याकाळी, तिकडची सकाळ झाल्याचा हिशेब करून त्यांनी सुनेला फोन लावला आणि अंगणाच्या टोकाला जाऊन पाठमोऱ्या बोलल्या. बोलणं दोन मिनिटांत संपलं. पलीकडून फक्त "हो" आणि "बरं" आलं, असं त्यांनी येऊन सांगितलं. त्यांचा चेहरा पडला होता.

दहा मिनिटांनी सरांचा फोन वाजला. सर उठून उभे राहिले आणि ऐकता ऐकता पांढरेफटक पडले. ग्लॅडिसबाईंचा मुलगा होता. आईला नक्की काय झालंय, जवळचं मोठं हॉस्पिटल किती लांब आहे, तिथं मेंदूचा डॉक्टर आहे का, असं तो एका दमात विचारत होता. आई त्याच्या बायकोची माफी मागते म्हणजे डोक्यात रक्ताची गाठ झाल्याशिवाय हे होणं शक्य नाही, अशी त्याची खात्री होती.

ती धडधाकट आहे, असं सरांनी तीनदा सांगितलं. त्याला पटेना. शेवटी त्यानं व्हिडिओ लावायला सांगितला आणि झटका आलाय का ते तपासायला आईला समोर उभं केलं. आज वार कोणता? मंगळवार. आता हस. त्या हसल्या. आता दोन्ही हात वर कर आणि तसेच धरून ठेव.

ग्लॅडिसबाईंनी अंगणाच्या मधोमध दोन्ही हात वर केले. संध्याकाळच्या प्रार्थनेसाठी पोरं नुकतीच बाहेर येऊन बसत होती. पाहुण्यांची प्रार्थना सुरू झाली असं समजून चौतीस पोरांनी हात वर केले आणि डोळे मिटले. बाकीच्या चार पाहुण्यांनीही केले. दारात उभ्या असलेल्या कस्तुराबाईनं इकडंतिकडं पाहिलं आणि सवयीनं जोडलेले हात सोडवून तिनंही वर केले.

सरांच्या हातातल्या फोनमधून सगळं अंगण दिसत होतं. मग मुलानं हळूच विचारलं, "सर, हे सगळ्यांनाच झालंय का?"