परिच्छेदांचा मानपान

सुपडूनानांच्या संगणकावर जवळजवळ प्रत्येक परिच्छेदाच्या शैलीपुढे अधिकचे चिन्ह असते, आणि नानांना ते शुभ वाटते. "उणे तर नाही ना, सर?" असे ते मलाच समजावतात.

थोडा खुलासा आवश्यक आहे. पुस्तकाची पाने लावण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदाला एक शैली नेमून देता येते. अक्षराचा आकार, ओळींमधले अंतर, सारे तिच्यात ठरलेले असते. शैली बदलली की तिच्या हाताखालचे सर्व परिच्छेद एकदम बदलतात. मात्र एखाद्या परिच्छेदात कोणी हाताने वेगळी दुरुस्ती केली असेल, तर शैलीच्या नावापुढे अधिकचे चिन्ह उमटते आणि तेवढ्या बाबतीत तो परिच्छेद शैलीला जुमानत नाही. असे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले आहेत.

एरंडोलला आमच्या शाळेच्या स्मरणिकेचे संपादन निवृत्तीनंतर माझ्याकडे आले. पाने लावण्याचे काम नानांकडे होते. त्यांची हयात लग्नपत्रिका छापण्यात गेलेली. प्रकाशन शनिवारी होते आणि मजकूर ठरलेल्या पानांत मावत नव्हता. म्हणून मी शैलीतला आकार बारा पॉइंटवरून अकरावर आणला. कबड्डीच्या संघाचा वृत्तांत आज्ञाधारकपणे लहान झाला. मुख्याध्यापकांचा लेख हलला नाही. एका लेखात तर पहिला परिच्छेद मोठाच राहिला आणि दुसरा आक्रसला.

मी पद्धतशीर तपास केला. फाइल बंद करून उघडली, संगणकही बंद करून सुरू केला. शैली तीच, लेखक तोच, परिणाम मात्र वेगळा.

"नाना, या दोन परिच्छेदांत फरक काय?"

"पहिल्यात अध्यक्षांचं नाव आलंय ना," नाना शांतपणे म्हणाले. "दुसऱ्यात नुसती सहल."

तेव्हा उलगडा झाला. नानांनी प्रत्येक परिच्छेदाला त्यातल्या माणसाच्या मानाप्रमाणे हाताने आकार दिला होता.

"ही लग्नपत्रिका नाही, नाना."

"माणसं तीच ना, सर? मामाचं नाव काकापेक्षा बारीक झालं की मांडवात जाब मला देना पडस. बठ्ठासना, सगळ्यांचाच, मान ठेवना पडस."

"आणि माझ्या आभाराच्या निवेदनाला किती दिला?"

"तुम्हाला नुसती स्टाईल." ते म्हणाले, "तुम्ही निवृत्त ना."

मी सर्व मजकूर निवडला आणि हाताचे बदल पुसण्याची आज्ञा दिली. सुई टोचून घेताना काही माणसे मान फिरवतात, तसे नाना भिंतीकडे पाहत राहिले. सगळी स्मरणिका एका आकाराची झाली. सारे पानांत मावले; फक्त शेवटच्या पानावर लाल खूण दिसू लागली. म्हणजे तेथे काहीतरी चौकटीबाहेर सांडले होते. पण त्या पानावर तर माझे आभार होते आणि ते काठोकाठ मावत होते. मी पुन्हा गोंधळलो. चौकट खाली ओढून पाहिली, तर मी कधीही न वाचलेली एक ओळ निघाली: 'अक्षरजुळणी : सौ. सिंधूताई'.

"ही कुठून आली?"

"होतीच, सर. एक पॉइंटची होती."

सिंधूताई म्हणजे नानांच्या पत्नी. दुकानातला सगळा मजकूर पूर्वी त्या टाइप करीत. आता त्यांची दृष्टी गेली आहे.

"दर कामाला विचारते, मन्हं नाव शे ना म्हणून," नाना हलक्या आवाजात म्हणाले. "'नाही' असं सांगवत नाही. मोठं टाकावं तर ते खोटं. टाइप तर मी केलंय." त्यांनी ओळ पूर्ववत करण्यासाठी माऊसकडे हात नेला.

"थांबा," मी म्हणालो आणि आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी गेलो. सिंधूताई लसूण सोलत होत्या. "वहिनी, माझं निवेदन वाचून दाखवतो. कुठे खटकलं तर सांगा."

मी शुद्धलेखन घालतो तसे सावकाश वाचले. तिसऱ्या वाक्याला त्यांचा हात थांबला. "सर, 'मनःपूर्वक' परत आलं. एकदा मानले ना आभार? आणि 'या प्रसंगी' कशाला? दुसऱ्या कोणत्या प्रसंगी मानणार?"

निवेदन संपले तेव्हा ते दोन ओळींनी आखूड झाले होते. लाल खूण गेली. 'अक्षरजुळणी' खोडून 'मुद्रितशोधन' असे नानांनीच टाइप केले, एकेक अक्षर तपासत.

आतून प्रश्न आला, "कितलं मोठं शे मन्हं नाव?"

त्यांना नेमकी आकाराची चौकशी का करावीशी वाटली, हे मला अद्याप उमगलेले नाही.

"हेडमास्तरइतलंच," नाना म्हणाले, आणि माझ्याकडे न पाहता त्यांनी फाइल सेव्ह केली.